चौदा शुभेच्छुक

शिवकन्या: तीनच? मामा, सकाळी सातला निघाला होतात सह्या घ्यायला. बारा वाजले आता.

मसाजी: तीनच झाल्या पोरी. त्यात बी एक अंगठा हाय.

शिवकन्या: अहो, सोमवारी निवेदन द्यायचंय कलेक्टर ऑफिसात. वर एवढं मोठं लिहिलंय मी, 'उपाशी माणसांना भाकर देणारे युसूफ पिंजारी आणि ताप उतरवायची गोळी देणाऱ्या आशाताई रुपा, या दोघांवरचा खटला मागे घ्या.' आणि खाली सह्या तीन!

नजमुन्निसा: शिवा, आधी पानी पिऊ दे त्यांना. उन्हातून आले. बसा मसाजीभाऊ. खाली नका बसू, ह्या गादीवर बसा. ह्यांनी आत जायच्या आधी भरलेली शेवटचीच हाय, गिऱ्हाईक न्यायलाच आलं न्हाई.

मसाजी: नगं भाबी. अंगाला मेंढरांचा वास हाय माझ्या. खालीच बरंय.

शिवकन्या: युसूफचाचाच्या सत्काराच्या बॅनरवर चौदा शुभेच्छुक होते, मामा. चौदा फोटो. तेव्हा भांडत होते, माझा फोटो वर घ्या, त्याचा खाली घ्या. कुठं गेले सगळे?

मसाजी: घरीच हायेत, जातेत कुठं. शिवशंकर म्हणतो, फोटोत काळा चष्मा हाय, तो मीच हाय हे कशावरून? ग्यानोबा म्हणतो, मला न इचारता छापला. आता ह्यानं सोताच पाच फोटो धाडले व्हते, यातला गोरा दिसंल तो घ्या म्हून! अन् प्रभू मास्तर पुण्याला गेलेत म्हनं लेकाकडं. चपला मात्र दारातच व्हत्या.

शिवकन्या: मग सह्या कुणाच्या झाल्या?

मसाजी: दगडोबाचा अंगठा. त्याचा तर फोटो बी न्हवता बॅनरवर. म्हणला, मला तवा कुनी इचारलं न्हाई, आता तरी इचारलं, आन इकडं. शाई लावलेला अंगठा त्यानं नंतर धोतराला पुसला, ते धोतर बी गेलं कामातून. दुसरी त्या रुपाच्या सासूची. तिसरी पारुबाईची.

शिवकन्या: पारुबाई शिकलेली आहे. तिनं अजून चार बायका आणल्या असत्या.

मसाजी: न्हाई आनल्या. उलट मलाच इचारू लागली.

शिवकन्या: काय?

मसाजी: काही न्हाई. बाईमाणूस, बोलायची सवय.

नजमुन्निसा: काय इचारलं भाऊ?

मसाजी: म्हणली, समद्यांच्या घेऊन राहिले, तुमची सही कुठाय?

शिवकन्या: म्हणजे? तुमची नाही यावर?

मसाजी: आगं, मी घरचाच. बाहेरच्यांच्या होऊ दे, शेवटाला करीन. घरच्या माणसानं पंगतीत आधी बसू नये.

शिवकन्या: ही पंगत आहे का मामा? बरं, राहू द्या. हे निवेदन सोमवारचं. त्याआधी गुरुवारचं बघू. गुरुवारी जामीन अर्जावर सुनावणी आहे. आमचे सीनियर म्हणाले, मागच्या वेळी अर्ज फेटाळला तो एका मुद्द्यावर. तेव्हा चाची, तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेते.

नजमुन्निसा: किती बार सांगू बेटी.

शिवकन्या: एकदाच. नीट.

नजमुन्निसा: बुधवार होता. हे वारंगा फाट्यावरून टेम्पोत कापूस घेऊन येत होते. हाटेलाच्या बाजूला बाभळीखाली पाच माणसं बसलेली. नवरा-बायको, एक म्हातारी, दोन लेकरं. बर्माची. तिकडं गावच्या गावं जाळली म्हणत होते. मंग हैदराबादेत भंगार येचून ऱ्हायचे, तिथून बी झोपड्या उठवल्या. नागपूरकडं कोनी वळखीचं होतं त्यांचं, पण ट्रकवाल्यानं मधीच उतरवून दिलं. लहानी पोरगी तापानं फणफणलेली. उमैमा नाव तिचं. ह्यांनी मला फोन केला, घेऊन येऊ का? मी म्हणले, इचारता काहून? आणा.

शिवकन्या: हं.

नजमुन्निसा: आता रोज तेच मनात येतं शिवा. मी 'नका आणू' म्हणले असते तर दुसरा ट्रक भेटला असता त्यांना. गेले असते आपल्या माणसांत. आता ते बी कुठं नेऊन ठेवलेत ठाऊक न्हाई, अन् हे बी आत. माझ्या एका 'आणा'नं दोन घरं बसली.

मसाजी: भाबी, तुमचं काही चुकलं न्हाई.

नजमुन्निसा: मंग कोणाचं चुकलं भाऊ?

शिवकन्या: चाची, कुणाचंच नाही. पुढं सांगा. घरी जागा नव्हती म्हणून शेतातल्या आखाड्यावर, तिथल्या खोलीत ठेवलं. बरोबर? पंचनाम्यात लिहिलंय, 'सदर आखाडा आरोपी युसूफ यांच्या ताब्यात असून ते तेथे कापूस ठेवत.' जमीन मामाची, ताबा चाचाचा. पंच म्हणून मामाचीच सही आहे खाली.

नजमुन्निसा: लिहिलंय ना तसं. मंग काय सांगू मी.

शिवकन्या: असं काय बोलताय? मामा, बरोबर आहे ना?

मसाजी: लिहिलंय तर हायेच.

शिवकन्या: ठीक. आता मुद्दा ऐका. सरकारी वकील एकच प्रश्न घेऊन बसलाय. परदेशी माणसं अकरा दिवस ठेवली, तर ठाण्यात कळवलं का नाही? कळवलं नाही म्हणजे लपवलं. त्यांच्याकडं युनोचं कार्ड होतं, लेकराला ताप होता, हे सगळं तो ऐकून घेतो आणि परत तेच विचारतो.

मसाजी: माणूस भला हाय का वंगाळ, हे इचारत न्हाई का कोनी?

शिवकन्या: न्यायालयात तो प्रश्न सगळ्यात शेवटी येतो मामा. लपवलं नाही, एवढं दाखवता आलं तर जामीन मिळू शकतो. आणि ते दाखवणारी एकच वस्तू आहे. बॅनर.

मसाजी: बॅनर? आगं, त्या बॅनरनंच तर घात केला. हात दाखवून अवलक्षण! कोन्या उपटसुंभानं मोबाईलमधी फोटो काढला, अन् जिल्हाभर फिरवला, 'बघा, हिंगोलीत परदेशी लपवले' म्हून. पोलिसांची गाडीच आली दुसऱ्या दिवशी.

शिवकन्या: तो फोटो अर्धाच फिरला. युसूफचाचा म्हातारीला गोधडी देतोय, एवढाच तुकडा. पण दगडोबाला वाचता येत नसलं तरी त्यानं नातवाकडून वाचून घेतलं होतं. तो सांगतो, खाली मोठ्या अक्षरात होतं, 'भव्य सत्कार सोहळा, रविवार. प्रमुख पाहुणे, माननीय ठाणेदार साहेब.' खरंय का?

मसाजी: व्हय. तसं व्हतं.

शिवकन्या: मग! ज्याला माणसं लपवायचीत तो चौकात त्यांचं बॅनर लावून ठाणेदारालाच पाहुणा बोलावतो का? सीनियर तर हसून हसून बेजार झाले. म्हणाले, ते बॅनर आणा, निम्मं काम झालं. कुठाय ते?

मसाजी: वाऱ्यानं गेलं असंल. अडीच महिने झाले.

शिवकन्या: तुम्हीच उतरवलं ना त्या दिवशी?

मसाजी: उतरवलं. मंग ठिवलं कुठं, ध्यानात न्हाई. त्या गडबडीत...

नजमुन्निसा: कडब्याच्या गंजीवर टाकलंय भाऊ तुमी. आखाड्याच्या मागं. पांढरी बाजू वर करून.

मसाजी: भाबी...

नजमुन्निसा: परवा गेले होते मी. उमैमाचं दुपटं राहिलं होतं तिथं, मीच शिवलेलं. पोरीनं त्यात तुमच्या शेळीचं करडू गुंडाळून ठेवलं होतं, आठवतं? ते आणायला गेले. अनुसयाबाईनं चावी दिली. काही बोलली न्हाई, नुसती चावी दिली अन् आत गेली.

मसाजी: ती माझ्याशी बी बोलत न्हाई. अडीच महिने झाले. ताट वाढती, अन् पाठ करून बसती.

शिवकन्या: अनुसयामामी? का?

नजमुन्निसा: बॅनर मी आणलंय शिवा. हे बघ.

(नजमुन्निसाने गाद्यांच्या चळतीमागून गुंडाळी ओढून काढली आणि अंगणात पसरली. कडब्याचा भुसा झडला. मध्यभागी युसूफ गोधडी घेऊन लाजल्यासारखा उभा, शेजारी म्हातारी, आणि खाली चौदा शुभेच्छुक आपापल्या सर्वांत गोऱ्या फोटोत हसत होते. ठाणेदार साहेबांचे नावही होते, मोठ्या अक्षरांत. फक्त उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात विळ्याने कापलेला वीतभर चौकोन होता आणि त्यातून अंगणातली माती दिसत होती. मसाजीने आयुष्यात लांडग्याला काठी घेऊन तोंड दिले होते, पण त्या भोकाकडे काही त्याला पाहवेना.)

शिवकन्या: हे काय? इथं काय होतं?

नजमुन्निसा: मला वाचता येत न्हाई बेटी.

शिवकन्या: वर 'संयोजक' एवढं अर्धं राहिलंय. संयोजकाचा फोटो आणि नाव कापलंय. अहो, तेच तर हवं होतं! आता सरकारी वकील म्हणेल, बॅनर युसूफनं स्वतःच छापलं असेल स्वतःच्या कौतुकाला. कुणी कापलं हे? संयोजक कोण होतं?

मसाजी: मी.

शिवकन्या: संयोजक तुम्ही?

मसाजी: संयोजक बी मी, अन् कापणारा बी मीच. माझा फोटो व्हता तिथं. माझा अन् दिपकचा. बाप-लेकाचा.

शिवकन्या: मामा!

मसाजी: शनिवारी गाडी युसूफला घेऊन गेली. मी खांबावर चढलो. बॅनर खाली घेतलं अन् तिथंच उकिडवं बसून कोपरा कापला. पोरगं सरपंचाला उभं हाय, मतदान आठवड्यावर आलंय, एवढंच डोक्यात. युसूफ अजून फाट्यापोत्तर बी पोचला नसंल, अन् मी हिकडं विळा चालवून राहिलो.

शिवकन्या: पण हे बॅनर लावायचं सुचलं कुणाला?

मसाजी: दिपकला. म्हणला, आचारसंहितेत प्रचाराचं बॅनर चालत न्हाई, सत्काराचं चालतं. युसूफचाचाचा सत्कार करू. फोटो आपले बी येतील, अन् पिंजारगल्लीतली चाळीस मतं बी येतील. मला पटलं. युसूफबद्दल माया न्हवती असं न्हाई शिवा. माया व्हतीच. लहानपणापून एका ताटात खाल्लंय आमी. पण मायेसंगट ते बी व्हतं, आता खोटं काहून बोलू.

नजमुन्निसा: ते नको म्हणत होते. फोटो काढायला उभे राहीनात. म्हणले, भाकर दिली त्याचं बॅनर करत्यात का मसाजी? तुमीच दंडाला धरून उभं केलं.

मसाजी: व्हय, मीच.

शिवकन्या: ठीक आहे मामा. झालं ते झालं. पण मग अकरा दिवस ठाण्यात का नाही गेला चाचा? तो तर इतका नियमाचा माणूस. टेम्पोचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून हिंडतो.

नजमुन्निसा: सांगा भाऊ.

मसाजी: भाबी, तुमाला ठाऊक हाय?

नजमुन्निसा: मी दारातच उभी होते.

शिवकन्या: काय? मला कळेल असं बोला.

मसाजी: तो निघाला व्हता. पयल्याच दिवशी. पोरीला रुपानं गोळी दिली, जरा घाम आला तिला, अन् युसूफनं त्यांची कार्डं घेतली, पिशवीत घातली, चपला बी घातल्या. म्हणला, मसाजी, चल, ठाण्यात सांगून येऊ, पाहुणे आलेत म्हून. मी म्हणलं, थांब. काहून घाई करतो? सत्कार होऊ दे. साहेबालाच प्रमुख पाहुणा बोलवू, समद्या गावासमोर सांगू. असं चोरावाणी एकट्यानं काहून जायाचं? वाजतगाजत सांगू.

शिवकन्या: अरे देवा.

मसाजी: त्या रविवारी करणार व्हतो. तर दिपक म्हणला, अजून चिन्ह मिळालं न्हाई, पुढचा रविवार धरा. धरला. रोज युसूफ इचारायचा, जाऊन येऊ का? रोज मी म्हणायचो, चारच दिवस, दोनच दिवस. साहेबाला आवतण बी द्यायचं व्हतं शनिवारी. साहेब सोताच आले.

शिवकन्या: आणि आखाडा? त्याचा ताबा?

मसाजी: कसला ताबा! कुलूप माझं, चावी माझी. मीच उघडून दिला. दोन वर्सामागं पावसात चार पोती कापूस ठिवला व्हता त्यानं, तेवढाच काय तो ताबा. अकरा दिवस अनुसया भाकरी घेऊन गेली तिथं. त्या म्हातारीचे पाय चेपले तिनं. म्हून बोलत न्हाई ती.

शिवकन्या: मग पंचनाम्यात असं कसं लिहिलं गेलं?

मसाजी: साहेबानं इचारलं, आखाडा कुणाचा? मी तोंड उघडायच्या आधी युसूफ बोलला, माझ्या ताब्यात हाय साहेब, मसाजीचा काही संबंध न्हाई. त्यानं माझ्याकडं पाहिलं बी न्हाई बोलताना. मंग साहेब म्हणले, पंच पाहिजे, सही करा. मी केली. सही करता येत न्हाई असं न्हाई मला शिवा. तिथं चांगली वळणदार केली.

शिवकन्या: तुमची सही पाहूनच मला वाटलं खरं असेल. माझा मामा खोट्यावर सही करेल कसा? अडीच महिने आम्ही या खोट्या पंचनाम्यावर युक्तिवाद करतोय. तुम्ही दर तारखेला आमच्या जीपमधून येता, आणि कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यापाशी थांबता. मला वाटायचं, मामाला आत बघवत नाही.

मसाजी: बघवत न्हाई, ते खरंच हाय.

शिवकन्या: उंटावरून शेळ्या हाकत होतात! गावाच्या सह्या गोळा करत होतात, आणि खरी सही तुमच्याच खिशात होती. आणि चाची, तुम्ही? तुम्हाला सगळं माहीत होतं. एकदा तरी बोलायचं!

नजमुन्निसा: भेटीला गेले तेव्हा जाळीतून म्हणले ते, मसाजीचं नाव घेऊ नको. त्याचं पोरगं नवं सरपंच झालंय, खुर्ची जाईल. शपथ घातली मला. मी म्हणले, बराबर. पण रोज वाटायचं, मसाजीभाऊ सोता येतील. बॅनर परवाच आणून ठेवलं. म्हणले, आज येतील तर काढू, न्हाईतर पुन्हा गंजीवर टाकून येऊ.

मसाजी: भाबी, तुमी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नजमुन्निसा: शिव्या देऊन काय करू? पिंजणाची मशीन अडीच महिने बंद हाय, घरात आवाजच न्हाई. चार माणसं उरली आमच्यावाली म्हणावी अशी, त्यात तुमी. तुमालाच हाकलू का?

मसाजी: लिही शिवा.

शिवकन्या: काय लिहू?

मसाजी: शपथपत्र का काय म्हणतेत ते. पयल्याच दिवशी युसूफनं चपला घातल्या व्हत्या, मी थांबवलं. आखाडा माझा, कुलूप माझं. बॅनर मी लावलं अन् मीच कापलं. पंचनाम्यावर सही केली ती खोटी. लिही समदं.

शिवकन्या: मामा, नीट ऐका. हे लिहिलं की तुमच्यावर पण गुन्हा लागेल. आणि खोट्या पंचनाम्याचा वेगळा. दिपकदादाची खुर्ची पण...

मसाजी: दिपकचं दिपक पाहील. त्याचं नाव मी सांगत न्हाई, झाकत बी न्हाई. माझं लिही.

शिवकन्या: आणि यानं चाचा सुटेलच, असं मी सांगू शकत नाही. फार उशीर केलात. कोर्ट म्हणेल, इतके दिवस कुठं होता हा माणूस?

मसाजी: म्हणू दे. चहाच्या गाड्यापाशी व्हता म्हणून सांगीन.

शिवकन्या: तो कापलेला तुकडा कुठाय? जाळला?

मसाजी: न्हाई. जाळायला चुलीपोत्तर गेलो व्हतो. अनुसया चुलीम्होरं बसलेली. तिनं नुसतं पाहिलं माझ्याकडं. तवापून बंडीच्या खिशात हाय. हा घे. घामानं नाव पुसलं जरा, पण फोटो दिसतो.

नजमुन्निसा: आणा इकडं. दाभण हाय माझ्यापाशी, अन् गादीचा दोरा. दोन मिनिटांत बसवून देते. कळणार बी न्हाई.

शिवकन्या: नको चाची, शिवू नका. कापलेलं आहे तसंच दाखवावं लागेल कोर्टात. तुकडा वेगळा, बॅनर वेगळं.

नजमुन्निसा: असं व्हय. मंग राहू दे.

मसाजी: राहू द्या भाबी. दिसू द्या भोक.

शिवकन्या: मामा, इथं सही करा. खाली. आणि हे निवेदन, त्याच्यावर पण.

मसाजी: ह्याच्यावर पयली कुणाची हाय?

शिवकन्या: दगडोबाचा अंगठा.

मसाजी: मंग त्याच्याखाली करतो. झालं. आता गुरुवारी किती वाजता निघायचं? मी मेंढरं कुणाच्या तरी हवाली करून फाट्यावर उभा ऱ्हातो.

नजमुन्निसा: नवाला जीप हाय. पण भाऊ, एक सांगू?

मसाजी: सांगा.

नजमुन्निसा: ह्या बारी आत या. म्होरल्या बाकड्यावर बसा. दर तारखेला पोलीस त्यांना आत आणत्यात ना, तेव्हा ते माझ्याकडं नंतर बघत्यात. आधी समद्या बाकड्यांवरून नजर फिरवून तुमाला हुडकत्यात.